ओव्हरक्लॉकिंगची परीक्षा मे महिन्यात घ्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरचा कॉम्प्युटर फुकटात फास्ट करण्याबद्दल, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगबद्दल (प्रोसेसर आणि रॅम ठरवून दिलेल्या स्पीडच्या वर चालवणं), जो लेख आला तो मी दोनदा वाचला. मराठीत या विषयावर कुणी लिहितंय याचा आनंद आहे आणि लेखातली माहिती चुकीची होती असंही माझं म्हणणं नाही. लेखाचं सांगणं असं: बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जा, प्रोसेसरचा मल्टिप्लायर (मूळ ठोक्याला ज्या आकड्याने गुणून स्पीड ठरतो तो) वाढवा, थोडं व्होल्टेज द्या, रॅमचा स्पीड वाढवा, अर्धा तास टेस्ट चालवा, हँग नाही झाला की झालं काम. माझा आक्षेप फक्त त्या शेवटच्या 'झालं काम' वर आहे, कारण तिथेच थांबल्यामुळे माझ्या हातून एका कुटुंबाच्या लग्नाचे फोटो खराब झालेत, आणि तुमच्या पेपरचे वाचक जास्त करून आमच्याच भागातले, म्हणजे एप्रिल-मेमध्ये चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत राहणारे, म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटलं.

मी अकोल्यात लग्नाचं व्हिडिओ आणि फोटो एडिटिंग करतो. त्याआधी बरीच वर्षं कॉम्प्युटर असेंबल करायच्या दुकानात काम केलंय, त्यामुळे कॅबिनेट उघडायला घाबरणारा मी नाही. माझं मशीन म्हणजे एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर, सहा कोअर बारा थ्रेड, बी४५० चा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, डीडीआर४ ३२००, आणि एक मधलं ग्राफिक्स कार्ड. काही खास नाही, असल्या मशीन आज महाराष्ट्रात गावोगावी एडिटिंगला, डीटीपीला, पोरांच्या गेमिंगला चालतात.

हे मशीन मी वेळ नव्हता म्हणून दुसऱ्याकडून बनवून घेतलं होतं, आणि चौदा महिने त्याची रॅम २१३३ च्या स्पीडवर चालत होती. पैसे ३२०० चे दिले, पाकिटावर ३२०० लिहिलेलं, चालतेय २१३३ वर! दुकानदाराने फसवलं असं नाही, त्याने फक्त बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं नाही. रॅम पहिल्यांदा लावली की बोर्ड तिला सगळ्यात सुरक्षित स्टँडर्ड स्पीडला सुरू करतो, २१३३ किंवा २४०० किंवा २६६६, आणि पाकिटावरचा स्पीड रॅमवरच्या एका छोट्या चिपमध्ये प्रोफाइल म्हणून लिहून ठेवलेला असतो, तो आपण स्वतः चालू करावा लागतो. त्या प्रोफाइलला इंटेलवाले एक्सएमपी म्हणतात, काही बोर्डांवर डीओसीपी असं नाव दिसतं आणि एएमडीच्या २०२२ नंतरच्या डीडीआर५ मशीनवर एक्स्पो. वर दोन्ही रॅम शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये खोचलेल्या, म्हणजे ड्युअल चॅनल (दोन्ही रॅम एकाच वेळी वापरायची सोय) सुद्धा बंद. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर दोन रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या, हे बोर्डाच्या पुस्तकात चित्र काढून दिलेलं असतं पण पुस्तक कोण उघडतं.

हे दोन्ही नीट केलं आणि माझं बेचाळीस मिनिटं लागणारं एक एक्स्पोर्ट (एडिट झालेल्या व्हिडिओची फाइल बनवणं) साडेसदतीस मिनिटांवर आलं. रायझनमध्ये रॅमचा फरक जरा जास्तच दिसतो कारण प्रोसेसरच्या आतला जो रस्ता आहे, इन्फिनिटी फॅब्रिक म्हणतात त्याला, तो रॅमच्या क्लॉकला (ठोक्यांच्या वेगाला, जो पाकिटावरच्या आकड्याच्या निम्मा असतो) बांधलेला असतो, रॅम २१३३ वर म्हणजे आतला रस्ता १०६६ मेगाहर्ट्झवर, रॅम ३२०० वर म्हणजे तो १६०० वर. खरं तर माझ्यापुरतं इथंच थांबायला हवं होतं.

पण साडेचार मिनिटं वाचली की माणसाला अजून दोन हवी असतात. डिसेंबरमध्ये काम कमी होतं, थंडी होती, मी रात्री बसून रॅम ३६०० वर नेली, व्होल्टेज १.३५ वरून १.४ केलं, एका व्हिडिओत बघून टायमिंगचे आकडे (रॅमने कोणत्या कामाला किती ठोके घ्यायचे ते) हाताने टाकले, प्रोसेसरचे सगळे कोअर ४.२ गिगाहर्ट्झला फिक्स केले. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवला, फुकटच्या आवृत्तीत चार पास (फेऱ्या) होतात, चारही पासमध्ये एरर शून्य. सकाळी हिरव्या अक्षरात 'पास' दिसलं, मी स्क्रीनचा फोटो काढून मित्रांना पाठवला. डिसेंबर ते मार्च मशीन एकदाही हँग नाही, एकदाही निळी स्क्रीन नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका नवरीचे वडील दुकानात आले, हातात मी दिलेला पेनड्राइव्ह, आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "भाऊ, हे फोटो असे अर्धे राखाडी काऊन दिसून राह्यले?" मी लावून बघितला. मंगलाष्टकांच्या वेळचा फोटो, वरचा भाग एकदम स्वच्छ, मुंडावळ्या, आंतरपाट धरणारे मामा, सगळं जागच्या जागी, आणि नवरीच्या हनुवटीच्या खाली एक आडवी रेघ, त्या रेघेखाली सगळं राखाडी. दुसऱ्या एका फोटोत रेघेखालचा भाग गुलाबी होऊन एका बाजूला सरकलेला. अकराशे चाळीस फोटोंमध्ये असे नऊ निघाले. व्हिडिओतही दोन जागी एक-दोन फ्रेमला हिरवे चौकोन होते, ते मी एडिट करताना कॅमेऱ्याचा दोष समजून कापून टाकले होते. कॅमेऱ्याची मूळ कार्डं मी दुसऱ्याच दिवशीच्या लग्नासाठी फॉरमॅट करून वापरली होती, त्यावर दुसऱ्याचं लग्न भरलं होतं. नऊपैकी चार क्षण दुसऱ्या कॅमेऱ्यात थोड्या वेगळ्या कोनातून सापडले, पाच नाही सापडले. त्यातल्या एकात नवरीची आजी होती, व्हीलचेअरवर, अक्षता टाकताना. त्यांना मी पैसे परत दिले, त्यांनी अर्धेच घेतले, ते मला जास्त लागलं.

आधी मी हार्डडिस्कला दोष दिला, मग कार्ड रीडरला, केबल बदलली. नंतर एक जुनी मोठी झिप फाइल उघडली तर सीआरसी एरर (फाइलीतली माहिती जुळत नाही असा इशारा), परत उघडली तर व्यवस्थित उघडली. तीच फाइल, तीच डिस्क, एकदा खराब आणि एकदा चांगली, म्हणजे डिस्कवर चूक नाही, वाचताना मधे कुठेतरी होतेय. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दुपारी दोन वाजता, खोलीत सदतीस डिग्री, पेनड्राइव्ह लावून तेच मेमटेस्ट चालवलं, पहिला पास गेला, दुसऱ्या पासमध्ये लाल ओळी यायला लागल्या. डिसेंबरमध्ये ज्या सेटिंगने शून्य एरर दिले होते तीच सेटिंग, एक आकडा बदललेला नव्हता.

हे का होतं ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं, नंतर बसून समजून घेतलं. रॅममधला प्रत्येक बिट (एक शून्य किंवा एक) म्हणजे एका अतिशय लहान कपॅसिटरमध्ये भरून ठेवलेला चार्ज असतो, आणि तो गळतो. आपल्याकडे उन्हाळ्यात माठ पाझरतो ना, तसाच, नुसता ठेवला तरी कमी होत जातो. म्हणून रॅमला सारखं भरत राहावं लागतं, डीडीआर४ मध्ये प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा पुन्हा भरली गेली पाहिजे असा नियम आहे, आणि रॅम ८५ डिग्रीच्या वर गेली तर हे भरणं दुप्पट वेळा करायचं असंही त्याच नियमात आहे, कारण गरम झालं की गळती वाढते. मी जे टायमिंग आवळले त्यात टीआरएफसी नावाचा एक आकडा होता, या भरण्याला किती वेळ द्यायचा तो, ऑटोवर ६३० होता आणि मी ४७० केला. म्हणजे माठ भरायचा वेळच कमी केला. डिसेंबरात पाझर कमी म्हणून तेवढ्यात भागलं. एप्रिलमध्ये दुपारी, कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड खालून गरम हवा फेकतंय, वर रॅम तापतेय, तेव्हा नाही भागलं. आणि रात्री मेमटेस्ट चालतं तेव्हा ग्राफिक्स कार्ड निवांत असतं, रॅमला तेवढी गर्मी लागतच नाही, म्हणून ती टेस्ट पास होण्याला आमच्या कामात अर्धाच अर्थ आहे.

आणि या चुकीला आवाज नसतो. प्रोसेसर जास्त ताणला की बहुतेक वेळा मशीन हँग होतं, रीस्टार्ट होतं, निळी स्क्रीन येते, आपल्याला कळतं तरी. रॅममधला एक बिट उलटला आणि तो विंडोजच्या कामाच्या जागी नसून तुमच्या फोटोच्या जागी असेल तर मशीन मजेत चालू राहतं. कार्डवरून फाइल कॉपी करताना ती आधी रॅममध्ये येते, मग डिस्कवर जाते, रॅमने एक बिट चुकवला तर डिस्क तो चुकलेला बिटच इमानदारीने लिहून ठेवते. जेपीजी फोटोत माहिती इतकी दाबून भरलेली असते की एका बिटाने पुढचा सगळा हिशोब घसरतो, म्हणून वर चेहरा स्वच्छ आणि खाली राखाडी. सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते, ती असली एका बिटाची चूक पकडून दुरुस्त करते, आपल्या घरच्या मशीनमध्ये ती नसते. डीडीआर५ मध्ये ईसीसी आहे असं दुकानात सांगतात ते चिपच्या आतल्यापुरतं आहे, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या रस्त्यात चूक झाली तर ते काही करत नाही.

त्या रस्त्याचाही विचार करा. ३२०० ची रॅम म्हणजे एका तारेवरून सेकंदाला ३२० कोटी वेळा डेटा जातो, एका वेळेला मिळतो ०.३१ नॅनोसेकंद, तेवढ्यात उजेडसुद्धा जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर जातो. ३६०० केलं की तोही वेळ अजून कमी. असल्या कामात आपण अंदाजाने आकडे टाकायचे आणि अर्ध्या तासाने झालं म्हणायचं, हे मला आता पटत नाही.

प्रोसेसरचं गणित वेगळं आहे आणि तिथे तर फायदा फारच थोडा निघाला. माझा ३६०० कंपनीच्या सेटिंगवर सगळे कोअर कामाला लागले की ४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालायचा, एकट्या कोअरला ४.२ पर्यंत जायचा. मी सगळे ४.२ ला फिक्स केले, म्हणजे मिळाले पाच टक्के. त्यासाठी व्होल्टेज साधारण १.२५ वरून १.३५ करावं लागलं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो, क्लॉकने सरळ वाढतो, म्हणजे १.३५ भागिले १.२५ चा वर्ग गुणिले १.०५, वीज साधारण बावीस टक्के जास्त. पाच टक्के कामासाठी बावीस टक्के जास्त उष्णता, आणि ही उष्णता बाहेर टाकायची कुठे तर अकोल्याच्या हवेत.

प्रोसेसरवर बसवायचा कूलर कितीही महाग आणा, तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोली आणि प्रोसेसर यातला फरक कमी ठेवतो. डिसेंबरमध्ये खोली २१ डिग्री, रेंडर (व्हिडिओ तयार) करताना प्रोसेसर ७८, म्हणजे फरक ५७. मे महिन्यात डेझर्ट कूलर चालू असताना माझी खोली ३६ असते, ३६ अधिक ५७ म्हणजे ९३, आणि या प्रोसेसरची कंपनीने दिलेली हद्द ९५. लाइट गेली आणि डेझर्ट कूलर बंद पडला तर दहा मिनिटांत खोली ३९-४०. परदेशातले जे व्हिडिओ बघून आपण सेटिंग उचलतो ते लोक एसी खोलीत किंवा थंड देशात बसलेले असतात, त्यांचे आकडे त्यांच्या खोलीचे आहेत. त्यांची चूक नाही, आपण खोलीचा हिशोब करत नाही ही चूक आहे. पुण्यात, मुंबईत बसलेल्या वाचकाला हे थोडं कमी लागू पडेल, पण चंद्रपूर, नागपूर, जळगाव, परभणीच्या वाचकाने हे गणित वहीवर मांडून मगच बायोसला हात लावावा.

मला माहीत आहे की जुने लोक म्हणतील, आम्ही तर सेलेरॉन ३००ए वर हे केलंय आणि वर्षानुवर्षं चाललं. मीही केलंय! १९९८ चा तो सेलेरॉन, ३०० मेगाहर्ट्झचा, बस (बोर्ड आणि प्रोसेसर यांच्यातला रस्ता, मूळ ठोका त्याचाच) ६६ ची, मल्टिप्लायर साडेचार. बस ६६ ची १०० केली की साडेचार गुणिले शंभर, सरळ ४५०. आत १२८ केबीची कॅश (प्रोसेसरची स्वतःची छोटी मेमरी) प्रोसेसरच्याच पूर्ण स्पीडवर चालणारी, त्यामुळे गरिबाचा तो सेलेरॉन दुप्पट-तिप्पट किमतीच्या पेंटियम टू च्या बरोबरीला बसायचा. दुकानात आम्ही एकेक नग लावून बघायचो, जो ४५० ला विंडोज ९८ पर्यंत पोहोचला त्याचा आनंद काय सांगू. पन्नास टक्के फायदा होता तो, आणि फुकट होता. तेव्हा कंपन्या चिपमध्ये बरीच जागा शिल्लक ठेवून विकायच्या. आता ती जागा कंपनी स्वतःच वापरते, बूस्ट नावाने, टेंपरेचर आणि व्होल्टेज बघून सेकंदाला कितीतरी वेळा क्लॉक वरखाली करते. आपल्या वाट्याला शिल्लक राहतात ते चार-पाच टक्के. सेलेरॉनच्या काळचा सल्ला आजच्या प्रोसेसरला लावून चालत नाही एवढंच माझं म्हणणं, त्या काळाबद्दल प्रेम मलाही आहे.

जास्त व्होल्टेजने चिप एका दिवसात जळत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही होत नाही. ती हळूहळू झिजते, पूर्वी ज्या व्होल्टेजला जो स्पीड स्थिर होता त्याला नंतर जास्त व्होल्टेज लागायला लागतं. हे आपल्यासारख्यांच्या हातूनच होतं असंही नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये, लोकांनी ओव्हरक्लॉक केलेलं नसतानासुद्धा, गेम क्रॅश होण्याच्या तक्रारी आल्या, २०२४ च्या जुलैमध्ये कंपनीने सांगितलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) दुरुस्त करून दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. पण झिजलेली चिप त्या अपडेटने परत ठीक होत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० चे काही प्रोसेसर जळाले तेव्हाही रॅमचा एक्स्पो प्रोफाइल चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला (ज्यात रॅम सांभाळणारा भाग असतो) जास्त व्होल्टेज देत होते, नंतर बायोस अपडेटने ते १.३ व्होल्टला रोखलं गेलं. म्हणून रायझन ७००० चं मशीन असेल तर आधी बायोस अपडेट, मग एक्स्पो.

आता मी काय करतो ते सांगतो, कारण नुसतं घाबरवायला हे पत्र नाही. रॅम परत ३२०० च्या एक्सएमपीवर, टायमिंग पाकिटावरचेच, टीआरएफसी ऑटो. एवढ्यावर जो फायदा मिळतो तोच खरा मोठा फायदा आहे, पाकिटावर लिहिलेल्याच्या पुढे जाऊन मला जे मिळालं होतं ते पूर्ण एक्स्पोर्टमागे मिनिटभरही नव्हतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या टॅबमध्ये मेमरीवर क्लिक केलं की स्पीड ३२०० दिसतो, सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्राममध्ये तोच १६०० दिसतो, घाबरू नका, डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा डेटा, दोन्ही आकडे खरे आहेत. एवढं लक्षात असू द्या की एक्सएमपीसुद्धा कंपन्यांच्या कागदावर बहुतेक वेळा ओव्हरक्लॉकिंगच धरलं जातं, म्हणून ते चालू केल्यावरही टेस्ट करायचीच.

प्रोसेसरचे कोअर फिक्स करणं सोडून दिलं, बूस्टला त्याचं काम करू देतो. त्याऐवजी दर वर्षी मार्चमध्ये कॅबिनेट उघडून धूळ ब्लोअरने काढतो, दोन वर्षांतून एकदा प्रोसेसर आणि त्याच्या कूलरच्या मधली पेस्ट बदलतो, मागचा पंखा आणि पुढचा पंखा एका दिशेने हवा ओढतायत ना हे कागदाचा तुकडा धरून बघतो. आमच्याकडे डेझर्ट कूलर थेट कॅबिनेटकडे तोंड करून ठेवायची सवय आहे, ती सोडा, त्या ओल्या हवेबरोबर धूळ जाऊन हीटसिंकवर (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पत्र्यांवर) चिखलासारखी बसते, मी असे किती हीटसिंक खरवडलेत. नुसत्या साफसफाईने माझं मशीन उन्हाळ्यात आठ-नऊ डिग्री खाली आलं आणि बूस्ट आपोआप जास्त वेळ टिकायला लागला.

ज्यांच्याकडे रायझन ५००० किंवा पुढचं आहे त्यांना कर्व्ह ऑप्टिमायझर मिळतो, त्यात व्होल्टेज वाढवायचं नसतं, उलट प्रत्येक कोअरला थोडं कमी द्यायचं, मग थंड राहून तो स्वतःच वर जातो. आमच्या हवामानाला हीच दिशा योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. पण यातली एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. यात कमी-जास्त झालं तर मशीन बहुतेक वेळा लोडवर (भरपूर काम चालू असताना) पडत नाही, रिकामं असताना पडतं, तुम्ही चहा प्यायला गेलात आणि आलात तर रीस्टार्ट झालेलं. कारण हलक्या कामात एखादा कोअर एकदम वरच्या क्लॉकला उडी मारतो आणि तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून तासभर लोड देऊन पास झालं की समाधान मानू नका, दोन दिवस साधं वापरा, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर नावाने काही नोंद पडतेय का बघा. तिथे हार्डवेअरच्या चुकांची नोंद होते, मशीन न पडतासुद्धा. एक जरी नोंद दिसली तर एक पायरी मागे.

लोडच्या टेस्टसाठी मी प्राइम९५ वापरतो. हा प्रोग्राम मुळात मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी आहे, १९९६ पासून जगभरचे लोक आपापल्या घरच्या मशीनवर तो चालवून मर्सेन मूळ संख्या (दोनच्या घातातून एक वजा केल्यावर येणाऱ्या) शोधतात, त्यामुळे त्याला उत्तर बरोबर आलं का याचीच काळजी असते. त्याच्या टॉर्चर टेस्टमध्ये आधीपासून माहीत असलेल्या उत्तराशी तो ताडून बघतो आणि फरक आला की त्या थ्रेडचं काम थांबवून एरर दाखवतो. २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला मशीन गोठवणारा दोष याच प्रोग्राममुळे उघडा पडला होता आणि इंटेलला बायोसमधून दुरुस्ती द्यावी लागली. हँग झालं नाही एवढं बघणारी टेस्ट आणि उत्तर तपासणारी टेस्ट यात फरक आहे, दुसरीच करा. आणि रॅमसाठी विंडोजच्या आत चालणारी टेस्ट ग्राफिक्स कार्डवर लोड देऊन, दुपारी, खोलीचा एसी-कूलर बंद ठेवून करा. थंडीत सेटिंग केली असेल तर कॅबिनेटचा पुढचा भाग पुठ्ठ्याने अर्धा झाकून, टेंपरेचर सतत बघत, उन्हाळ्यासारखी स्थिती तयार करता येते, मी हल्ली तसंच करतो.

एका वेळी एकच आकडा बदलायचा आणि वहीत लिहायचा. मी त्या डिसेंबरात एका रात्रीत सात-आठ गोष्टी बदलल्या होत्या, एप्रिलमध्ये नेमकी कोणती चुकली हे शोधायला चार दिवस गेले, ऐन सीझनमध्ये.

कामाच्या फाइलींचं सांगायचं तर, आता कार्डवरून कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींचा हॅश (फाइलीतल्या माहितीवरून काढलेला ओळखीचा आकडा) काढून जुळवतो, मगच कार्ड फॉरमॅट. हजार फोटोंना काही मिनिटं जातात. हे ओव्हरक्लॉक न करणाऱ्यानेही करावं. आणि यूपीएसचा विचार करा, आमच्याकडे बहुतेकांकडे ६०० व्हीएचा असतो, तो साधारण ३६० वॅटच देतो, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही ताणलेले असताना लाइट गेली तर तो किंचाळून बंद पडतो आणि रेंडर गेलं. एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज देणारा डबा) स्वस्तातला असेल तर ओव्हरक्लॉकिंगचा विचारही करू नका.

माझ्या दोन मागण्या आहेत. एक आमच्याच धंद्यातल्या असेंबल करणाऱ्या भावांकडे: गिऱ्हाइकाला मशीन देताना एक्सएमपी चालू करून, रॅम योग्य स्लॉटमध्ये लावून, एक रात्र मेमटेस्ट चालवून, त्या स्क्रीनची प्रिंट बिलासोबत द्या. गिऱ्हाइकाने पैसे दिलेला स्पीड त्याला मिळाला पाहिजे आणि तो चालतो हे तपासून मिळालं पाहिजे, याला एक रात्र आणि एक कागद लागतो, आणि गिऱ्हाइकांनीही हा कागद हक्काने मागावा. दुसरी मागणी तुमच्याकडे. तुमच्या पुरवणीतला लेख वाचून कितीतरी पोरं या आठवड्यात बायोस उघडतील. आत्ता फेब्रुवारी आहे, रात्री गार असतं, त्यांच्या टेस्ट पास होतील. माझं हे पत्र जमलं तर मार्च लागायच्या आत छापा, जागा कमी असेल तर बाकी सगळं कापा पण रॅमचा आणि उन्हाळ्याचा भाग ठेवा.

आपला नियमित वाचक,
एक व्हिडिओ एडिटर, अकोला
(कृपया नाव छापू नये.)

ता.क. बायोस अपडेट केलं किंवा बोर्डावरचा तो छोटा गोल सेल बदलला की एक्सएमपी परत बंद होतं आणि रॅम पुन्हा २१३३ वर येते. माझ्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्याच्या मशीनवर परवाच हे निघालं, सेल गेल्या दिवाळीत बदललेला, तेव्हापासून त्याला वाटत होतं कॉम्प्युटर म्हातारा झाला.